‘फरक स्पष्ट करा’साठी सहा रविवार : जालन्यातल्या एका शिकवणीबद्दल

माझी लेक यंदा दहावीला आहे. आमचं गाव बदनापूर तालुक्यात. घरची तीन एकर जमीन, त्यातल्या वीस गुंठ्यांत कपाशीचा सीड प्लॉट, म्हणजे बियाण्यासाठीची लागवड. ऑगस्ट-सप्टेंबरात सहा रविवार आम्ही दोघी जालन्याला एका शिकवणीला गेलो. मोठ्या क्लासची माहिती चौकाचौकातल्या फलकांवर मिळते, अशा घरगुती शिकवणीची कुणी देत नाही. गावातल्या तीन-चार जणी विचारून गेल्या, म्हणून सगळंच लिहून ठेवते.

शिकवणी एका निवृत्त बाईंची आहे. बाईंनी आयुष्यभर अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं, आता राहत्या घराच्या पुढच्या खोलीत शिकवतात. एका तुकडीत चौदा लेकरं. सहा रविवारचे मिळून १२०० रुपये, सोबत आई किंवा वडील बसले तर त्यांचे वेगळे पैसे नाहीत. विषय एकच : जीवशास्त्रातल्या त्या जोड्या, ज्या परीक्षेत ‘फरक स्पष्ट करा’ म्हणून येतात आणि लेकरं हमखास एकीचं दुसरीत घालतात. परागीभवन आणि फलन, विसरण आणि परासरण, पेशीभित्तिका आणि पेशीपटल, श्वासोच्छ्वास आणि श्वसन, धमनी आणि शिरा, सूत्री आणि अर्धगुणसूत्री विभाजन. बाईंचं नाव-पत्ता देत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. जालन्यात दोन-चार शाळांत चौकशी केली तर पत्ता लागतो, मला तसाच लागला.

आम्ही तिथं कशा पोचलो ते सांगते. पहिल्या घटक चाचणीत प्रश्न होता, परागीभवन आणि फलन यांतला फरक. लेकीला दोनपैकी शून्य. पेपर घरी आला तेव्हा मी वाचला. तिनं लिहिलेलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं, फक्त डावीकडचं सगळं उजवीकडं आणि उजवीकडचं डावीकडं होतं. आधी जिथं जात होती त्या क्लासनं वहीत मधोमध उभी रेघ मारून असे चाळीस तक्ते लिहून दिले होते. तिनं ते चाळीसच्या चाळीस पाठ केले होते. पहाटे उठून पाठ करताना मी तिला ऐकलंय. मेहनत कमी पडली असं मी कधीच म्हणणार नाही.

पण मला त्या शून्याचं फार वाईट वाटलं, कारण परागीभवन आमच्या घरात रोज होतं. मी स्वतः हातानं करते. नववीत असताना क्रॉसिंगच्या दिवसांत मला शाळेतून काढून दुसऱ्याच्या प्लॉटवर नेलं होतं, त्या वर्षीची विज्ञानाची परीक्षा माझी तिथंच राहिली. लग्नानंतर शिकले, बारावी झाले, पण आर्ट्सला. म्हणून लेकीला मी प्लॉटवर कामाला घेत नाही. ती बांधावर वही घेऊन बसते. तिच्या डोळ्यांसमोर दर साल हे काम होतं आणि पेपरात त्याच कामाला शून्य मिळतं, हे मला सहन होईना.

ज्यांना क्रॉसिंग माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते, कारण पुढचं त्यावरच आहे. कपाशीचं संकरित बी हातानं तयार होतं. मादीच्या ओळी वेगळ्या, नराच्या वेगळ्या. दुपारी तीननंतर मादीच्या ओळीतून उद्या उमलणारी कळी हेरायची. पाकळ्यांचं दुधी टोक हिरव्या पानोळ्यातून नुकतं वर आलेलं असतं, त्यावरून ती ओळखते. अंगठ्याच्या नखानं बुडाशी चीर द्यायची आणि पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी गोल फिरवून एकदम काढायची. मधोमध बारीक काडी उभी राहते, तिला नख लागलं तर कळी गेली. वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दव वाळलं की नराचं उमललेलं फूल तोडायचं, टोपी काढून काडीच्या टोकावर फिरवायचं आणि देठाला दोरा बांधायचा. एका नर फुलात चार-पाच मादी फुलं होतात. जालना जिल्ह्यात हे काम हजारो बायकांच्या हातात आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाण्याची कंपनी सुरू केली आणि पुढं बियाण्यासाठी जालन्याचं नाव देशभर झालं. बारवाल्यांना १९९८ चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला. हे आमच्याकडं पोराटोरांना ठाऊक असतं. त्या बोंडाच्या आत काय चालतं, ते मात्र मला पस्तिसाव्या वर्षी कळलं.

पहिल्या रविवारी बाईंनी शिकवलं काहीच नाही. प्रत्येक लेकराला घरी काय चालतं ते विचारलं. कुणाच्या घरी मोसंबीची बाग, एकाच्या वडिलांचं मेडिकल, एक जण स्टील कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा. लेकीनं सांगितलं, आई क्रॉसिंग करते. बाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, “ताई, पुढच्या रविवारी मला थोडं सामान आणाल का?” आणि कागदावर यादी लिहून दिली : नराची आज उमललेली पाच फुलं, टोपी घातलेल्या पण पराग न लावलेल्या दोन कळ्या, काल दोरा बांधलेली दोन आणि आठ दिवसांपूर्वी दोरा बांधलेली दोन.

एवढ्या कळ्या तोडायच्या म्हणजे तेवढी बोंडं गेली. मी तोडल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घातल्या आणि सकाळची बस धरली.

तो दुसरा रविवार मला जसाच्या तसा आठवतो. बाईंनी टोपीतली कळी घेतली, ब्लेडनं बुडाचा हिरवा भाग आडवा कापला आणि काचेवर ठेवून भिंग प्रत्येकाच्या हातात दिलं. आत चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात पांढरे दाणे दाटीनं बसलेले, साबुदाण्यापेक्षा कितीतरी बारीक. ही बीजांडं. टाचणीनं एकेक बाजूला करत लेकरांनी मोजली, एकतीस भरली. बाई मला म्हणाल्या, “ताई, या कळीला तुम्ही नराचं फूल किती वेळा लावता?”

“एकदाच.”

“आणि आत किती जुळण्या व्हाव्या लागतील?”

खोली गप्प झाली. लेक हळूच म्हणाली, “एकतीस.”

बाईंनी मग फळ्यावर रेघ मारली नाही. कळीचंच मोठं चित्र काढलं आणि वरच्या टोकावर बोट ठेवलं. परागकण इथं, कुक्षीवर येऊन बसला की परागीभवन संपलं. तुमच्या आईचं काम इथपर्यंत. इथून पुढं प्रत्येक कणाला स्वतःची नळी काढून या काडीतून खाली उतरायचं आहे, एकेका बीजांडापर्यंत पोचायचं आहे. तिथं पुंयुग्मक, म्हणजे परागातली नर पेशी, अंडपेशीशी मिळतं, ते फलन. त्याला दुसरा दिवस उजाडतो. जे बीजांड जुळलं त्याची सरकी होते, जे राहिलं ते पोचट. म्हणजे परागीभवन एका फुलाचं एकदा, फलन एकेका बीजांडाचं वेगळं. पहिलं झालं तरी दुसरं होईलच असं नाही.

मी इतकी वर्षं बोंड फोडताना मधेच लागणारी पोचट सरकी पाहत आले. एखादं बोंड एका अंगानं बारीक का राहतं याचं कारण आम्ही खताला, पाण्याला, नशिबाला लावायचो. त्यातलं काही खरं असेलही. पण फूल नीट फिरवलं नाही, पराग टोकाच्या एकाच बाजूला लागला, तर सगळ्या बीजांडांना पुरेल इतका पराग खाली उतरत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता मी फूल पूर्ण गोल फिरवते. प्लॉटवरच्या बायकांनाही तसंच करायला सांगते, कारणासकट.

त्याच दिवशी दुसरी एक गोष्ट झाली, जी बाईंनीही आधी ठरवलेली नव्हती. एका मुलानं विचारलं, पाऊस आला की क्रॉसिंग का थांबवतात? मी म्हणाले, पराग धुऊन जातो. बाई म्हणाल्या, बघूया. नराच्या फुलाचा पराग काचपट्टीवर झटकला. कपाशीचा परागकण चांगलाच मोठा, नुसत्या डोळ्यांनी पिवळा रवा दिसतो तसा. मायक्रोस्कोपखाली तो गोल आणि अंगभर काटे असलेला. बाईंनी ड्रॉपरनं साध्या पाण्याचा एक थेंब सोडला आणि मला डोळा लावायला सांगितलं. कण फुगला, जरासा हलला, आणि एका बाजूनं फुटून आतला दाणेदार रस बाहेर सांडला. शेजारचाही फुटला. मग त्याच्या पलीकडचा. मी डोळा काढेना, मागं लेकरांची रांग लागली. धुऊन जात नाही, फुटतो! दुसऱ्या काचेवर बाईंनी साखरेच्या दाट पाण्याचा थेंब सोडला, तिथं कण तसेच्या तसे बसून राहिले.

विसरण आणि परासरण ही जोडी तिसऱ्या रविवारची होती, ती तिथंच सुरू झाली. विहिरीत टाकतात त्या पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा बाईंनी पाण्याच्या ग्लासात सोडला. जांभळा रंग कुणी न ढवळता पसरत गेला. दाट असतं तिथून विरळ असतं तिकडं कण जातात, ते विसरण. परासरण म्हणजे पाण्याचा तसाच प्रवास, पण निवडक पडद्यातून : पाण्याला वाट आहे, साखर-मिठाला सहजी नाही. परागकणाच्या आत विरघळलेलं पुष्कळ, बाहेर साधं पाणी, म्हणून पाणी आत घुसत राहिलं. लेकीच्या जुन्या तक्त्यात या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध असल्यासारख्या समोरासमोर लिहिल्या होत्या. बाई म्हणाल्या, विरुद्ध कुठं आहेत? एक घर आहे, दुसरी त्या घरातली एक खोली आहे. मला हे फार पटलं. तक्त्यातली उभी रेघ सगळ्या जोड्यांना एकाच मापानं कापते. काही जोड्या सख्ख्या असतात, काहींत एकीच्या पोटात दुसरी असते, काहींत एक संपते तिथं दुसरी सुरू होते. आधी ते नातं कळलं पाहिजे, मग फरक.

लेकीनं लगेच विचारलं, मग कांद्याची पेशी पाण्यात का फुटत नाही? तिचा तो प्रश्न ऐकून मला जे वाटलं ते लिहिता येणार नाही. बाईंनी लाल कांदा मागवला. पातीवरची तांबडी पातळ साल चिमट्यानं सोलून काचेवर पसरली. खाली पाहिलं तर विटांच्या भिंतीसारख्या रांगा, प्रत्येक वीट गुलाबी रंगानं काठोकाठ भरलेली. एका कडेनं मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला आणि दुसऱ्या कडेनं टिपकागदानं ओढून घेतला. दोन-तीन मिनिटांत गुलाबी रंग कडा सोडून आत सरकायला लागला, आकसून मधे गोळा झाला. विटेची चौकट जागच्या जागी. ती चौकट पेशीभित्तिका : ताठ, मजबूत, वनस्पतीच्या पेशीला असते, प्राण्याच्या पेशीला नसते. आणि गुलाबी रंगाची सरकणारी कड म्हणजे पेशीपटल जिथं आहे ती जागा. एरवी दोन्ही इतकी चिकटून असतात की वेगळी दिसतच नाहीत. साधं पाणी परत दिलं तर रंग पुन्हा पसरून भिंतीला टेकला. कांद्याची पेशी भित्तिकेनं चहूबाजूंनी धरून ठेवलेली असते म्हणून फुटत नाही. परागकणालाही भिंत असते, पण तिला पातळ छिद्रांच्या जागा असतात, पाण्याचा जोर तिथून फोडतो. लिंबाच्या लोणच्याला मीठ लावून ठेवलं की पाणी का सुटतं हे मी वर्गात मोठ्यानं बोलून गेले, आणि बाईंनी ते वहीत लिहून घ्यायला सांगितलं.

श्वासोच्छ्वास आणि श्वसन हा रविवार महालक्ष्म्यांच्या आदल्या आठवड्यात होता, निम्मीच लेकरं आली. बाईंनी दोन थर्मास भरून ठेवले होते : एकात मोड आलेली मटकी, दुसऱ्यात तीच मटकी उकडून गार केलेली. तोंडाला कापूस, त्यातून तापमापी. उकडलेली खोलीइतकीच, २७ वर. मोडाची ३३ वर. मटकीला नाक नाही, फुप्फुस नाही, छाती वरखाली होत नाही, म्हणजे तिला श्वासोच्छ्वास नाही. पण तिच्या प्रत्येक पेशीत साठवलेलं अन्न मोडून ऊर्जा सुटते आहे, त्यातली काही उष्णता होऊन बाहेर पडते. ते श्वसन. श्वासोच्छ्वास ही हवेची ये-जा, श्वसन हे पेशीतलं काम. मला मागच्या वर्षीचा सोयाबीनचा ढीग आठवला. काढणीला पाऊस आला, ओल्या ढिगावर ताडपत्री टाकली आणि तिसऱ्या दिवशी आत हात घातला तर चटका बसला. बाई म्हणाल्या, दाण्यांचं श्वसन, आणि त्यावर वाढणाऱ्या बुरशीचंही. झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि श्वसन फक्त रात्री, ही समजूतही त्या दिवशी गेली. श्वसन चोवीस तास चालूच असतं.

धमनी-शिरेच्या रविवारी बाईंनी खाटकाकडून बोकडाचं दिल आणलं होतं. ज्या लेकरांना पाहायचं नव्हतं त्यांना आतल्या खोलीत चित्रावर बसवलं, कुणाला जबरदस्ती नाही. मोठी धमनी कापलेल्या नळीसारखी उघडी राहते, जाड आणि लवचीक. शिर पातळ, बोट काढलं की चपटी होते. आमच्या वेळी रोहिणी आणि नीला म्हणत. ‘धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध’ हे लेकीच्या तक्त्यातलं पहिलं वाक्य बाईंनी खोडायला लावलं. हृदयाकडून बाहेर नेते ती धमनी, हृदयाकडं आणते ती शिर, एवढंच धरा. फुप्फुसाकडं जाणाऱ्या धमनीत ऑक्सिजन कमी असतो आणि तिकडून येणाऱ्या शिरांत भरपूर, तिथं तक्ता फसतो. शिवाय ते रक्त अशुद्ध म्हणजे घाण नव्हे, हेही त्यांनी सांगितलं. हा तास चांगला झाला, पण घाईत उरकला.

आता उणिवा, कारण त्या आहेत आणि पैसे देणाऱ्याला आधी माहीत असाव्यात.

मायक्रोस्कोप दोनच. चौदा लेकरांत आपली पाळी यायला वेळ लागतो, तोवर लहान वयाची लेकरं कंटाळतात. दिव्यावर चालणारा एक लाइट गेली की बंद, आणि लाइट दोनदा गेली. आरशाचा दुसरा आहे तो खिडकीत ठेवून चालतो, पण मग सगळा वर्ग खिडकीत.

सूत्री विभाजनाचा, म्हणजे एका पेशीच्या तशाच दोन पेशी होण्याचा तास पहिल्यांदा साफ फसला. कांद्याची मुळं ग्लासात वाढवून त्यांची टोकं रंगवून काचेखाली दाबली, तर विभागणारी एकही पेशी दिसेना. सगळ्या केंद्रकं घेऊन स्वस्थ बसलेल्या. बाईंनी लपवलं नाही. मुळं सकाळी आठ-नऊला तोडायला हवी होती, आदल्या संध्याकाळी तोडली ही चूक माझी, असं सरळ सांगितलं आणि शेवटच्या रविवारी पुन्हा केलं. तेव्हा दिसलं : पेशीच्या मध्यावर ओळीनं उभी राहिलेली गुणसूत्रं, आणि एका पेशीत दोन टोकांकडं ओढली जाणारी, दोन उघड्या पंजांसारखी. लेकीनं तिथंच वहीत काढून घेतलं. पण दोनदा झाल्यामुळं एक आख्खा रविवार त्यात गेला आणि आनुवंशिकतेला अर्धा तास उरला. बाईंनी ज्वारी आणि करडईच्या दाण्यांच्या जोड्या लावून दिसणारं रूप आणि आतला जनुकांचा संच यांतला फरक दाखवायला घेतला खरा, पण वेळ झाली. ही जोडी आमच्यासारख्यांना सगळ्यात जास्त लागते. संकरित कपाशीची झाडं शेतात एकसारखी दिसतात, म्हणून आम्ही एका वर्षी त्यातलीच सरकी ठेवून लावली होती. कुठं झाड कमरेला, कुठं गुडघ्याला, बोंड एकाचं एकाला नाही. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या झाडाच्या आत दोन घराण्यांची जनुकं जोडीनं असतात आणि पुढच्या पिढीत ती पुन्हा वाटली जातात. याला एक पूर्ण रविवार द्यावा असं मी बाईंना तोंडावर सांगितलंय.

अर्धगुणसूत्री विभाजन तर ताजं दिसलंच नाही. तयार काचपट्टी दाखवली, जुनी, रंग उतरलेली. हिशोब मात्र पक्का कळला. आपल्या अमेरिकन कपाशीच्या पेशीत ५२ गुणसूत्रं. मुळाच्या टोकाला एका पेशीच्या दोन होतात तेव्हा दोन्हींत ५२च. परागकोशात अर्धगुणसूत्री होतं तेव्हा एकीच्या चार, प्रत्येकीत २६. बीजांडातल्या अंडपेशीतही २६. फलनात दोन्ही मिळून परत ५२. लेक म्हणाली, म्हणजे अर्धं झालं नसतं तर दर पिढीला दुप्पट झालं असतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक, आणि हे दहावीच्या पालकांनी नीट वाचावं. इथं तक्ता कसा लिहायचा ते शिकवत नाहीत. पुढच्या चाचणीत विसरण-परासरण आलं. लेकीनं परागकणाच्या उदाहरणासकट सगळं बरोबर लिहिलं, पण परिच्छेदात. शाळेत एक गुण कापला, मुद्दे समोरासमोर नाहीत म्हणून. बोर्डाच्या परीक्षेला ते चालणार नाही. त्यामुळं आता घरी मीच वहीत रेघ मारून देते आणि ती भरते. फरक इतकाच की ती पाठ केलेलं उतरवत नाही, आठवून लिहिते, आणि बाजू उलट होत नाहीत. अकरावीला सायन्स घेणाऱ्यांनी इंग्रजी शब्दांची सोयही वेगळी करावी. बाई सगळं मराठीतून शिकवतात, इंग्रजी शब्द विचारला तरच सांगतात. लातूरला जाऊन नीटची तयारी करायचं ठरवलेल्या दोघांना हे अडचणीचं वाटलं, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

सोयीचं थोडक्यात. तास नऊ ते बारा असतो पण एकपर्यंत लांबतो, परतीची बस त्या हिशोबानं धरा. चपला बाहेर ठेवायला जागा आहे, पाण्याचा माठ आहे. जेवणाचा डबा सोबत न्यावा, बाई दर वेळी चहा करतात आणि नको म्हटलेलं ऐकत नाहीत. आईबापांपैकी कुणी बसणार असेल तर जरूर बसा. रविवारी एक माणूस प्लॉटवर कमी पडतो, माझी सहा सकाळची मजुरी त्यात गेली, ते धरून खर्च बाराशेच्या दुप्पट आला. लेकीच्या बाबांना आधी हे पटलं नव्हतं. तिनं रात्री जेवताना त्यांना बोंड कापून बीजांडं मोजून दाखवली, तेव्हापासून तेच विचारतात पुढची तुकडी कधी.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो आनुवंशिकतेला पुरा तास न मिळाल्याचा आणि दोनच मायक्रोस्कोपचा.

पुढची तुकडी जानेवारीत आहे, तेव्हा आमच्याकडं बियाण्याच्या कांद्याला गोंडे आलेले असतात. बाईंनी मला आत्ताच सांगून ठेवलंय, दर रविवारी सकाळी दोन-तीन गोंडे आणायचे, पण उमललेले नकोत. कोवळ्या, मिटलेल्या, हिरव्या कळ्यांचेच हवेत. फूल उमलेपर्यंत पराग तयार झालेला असतो, आणि जे पाहायचं राहिलंय ते तोवर होऊन गेलेलं असतं.